बाबांच्या चेहऱ्यावरच्या मुंग्या

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो, इकडे सगळे धडधाकट आहेत. बायकोचा गुडघा कुरकुरतो, चष्म्याचं दुकान रडतखडत चालतं, आणि मी अजून दिवसभर लोकांना 'आता खालची ओळ वाचा' म्हणत असतो. हे पत्रसुद्धा दुकानातच लिहितोय, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा, डोळे तपासायच्या तक्त्याखाली बसून. गेला आठवडाभर माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. एक गोष्ट आधी एक वाटली, मग तिच्या बरोब्बर उलट वाटली, आणि आता तिसरंच काहीतरी वाटतंय. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार? बायको म्हणते, तुम्हाला चष्मा बदलायची गरज आहे. तर मी सगळं अगदी पहिल्यापासून लिहिणार आहे. 'हे मला माहीत आहे रे' म्हणून पानं उलटू नकोस. ओळखीचं वाटलं तरी वाच. का, ते शेवटी सांगतो.

तर 'चौकी चार'. नाव ऐकून अर्ध्या लोकांना ती पोलिसांची मालिका वाटायची आणि पहिल्या भागात चोर कधी येतो याची वाट बघत ते बसून राहिले होते. ती चौकी होती कुठल्याशा दूरच्या चंद्रावर. तिथे एक कप्तान, एक शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या दिमतीला ठोकळ्या नावाचा यंत्रमानव. चंद्राची जमीन म्हणजे लाकडाचा भुसा आणि चुना, आकाश म्हणजे भोकं पाडलेला काळा पडदा आणि त्यामागे दिवे. हे सगळं दर रविवारी उभं करायचे आपले बाबा, कारण ते टीव्ही केंद्राच्या सुतारखात्यात होते. ठोकळ्याही त्यांनीच बनवला. प्लायवूडचं धड, पत्र्याचे हात, तोंडाच्या जागी मोठी गाळणी. ज्या नटासाठी बनवला त्या गृहस्थानं माप देताना पोट आत ओढून धरलं होतं, त्यामुळे तयार ठोकळ्यात तो काही केल्या मावेना. कार्यक्रम थेट जायचा, वेळ तर नव्हताच. शेवटी ज्यानं बनवला त्यालाच आत घातलं, बाबा कसे काडीसारखे होते ते तुला ठाऊकच आहे. आवाज दुसऱ्या कुणाचा, चाल बाबांची. भागाच्या शेवटी रिकाम्या चौकीच्या चित्रावरून नावं सरकत जायची, पण त्यात सुताराचं नाव घालायची पद्धत नव्हती. तू शाळेत सांगितलंस की ठोकळ्या म्हणजे आमचे बाबा, तर तुझ्या वर्गातल्या पोरी म्हणाल्या, बाबा पत्र्याचे, मग आई काय डब्याची? तू त्यातल्या एकीची वेणी ओढलीस आणि आईला शाळेत जावं लागलं.

मग तो भाग आला. ठोकळ्या शेवटी आपलं डोकं उघडतो आणि आत यंत्र नसून माणूसच निघतो, असा. आत काय निघणार, याची गल्लीत आधी आठवडाभर चर्चा होती. आणि नेमकं तेव्हाच मला गालगुंड झालं. माझे गाल टम्म फुगलेले, आई माझ्या उशाशी बसलेली, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंकडे तू एकटीच गेलीस, आपल्या इमारतीत टीव्ही फक्त त्यांच्याकडे होता. परत आलीस ती जिना दणदणवत. तू जे सांगितलंस ते मला पाठ आहे, कारण त्यानंतर तू ते शंभरदा सांगितलंस आणि एकदाही त्यात शब्द बदलला नाहीस. तुझे शब्द असे: ठोकळ्याच्या अंगावर बाबांचं डोकं होतं. बाबांनी केसांवरून हात फिरवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मुंग्या चालत होत्या. आई म्हणाली, काहीतरीच काय, मुंग्या कुठून येतील? तू म्हणालीस, होत्या, रांगेनं होत्या, खालून वर चढत होत्या आणि बाबा त्यांना झटकतही नव्हते. टायपिस्टबाईंना विचारावं तर त्या शेवटाला दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात पळाल्या होत्या. तू तेव्हा पहिलीत होतीस, जोडाक्षर आलं की अडखळायचीस. मी तर शाळेतही जात नव्हतो. त्या आठवड्यात तू माझं नाव फुग्या ठेवलंस, तेवढं मात्र सगळ्यांनी एकमतानं मान्य केलं.

बाबा त्या दिवशी उशिरा आले आणि तसेच जेवायला बसले. तू त्यांच्या मांडीवर चढून मुंग्यांचं विचारलंस तेव्हा ते 'हं' म्हणाले आणि हात धुवायला उठले. पुढच्या रविवारपासून ठोकळ्याच्या आत दुसराच कुणीतरी होता. पाठ दुखते म्हणून सोडलं, असं बाबांनी आईला सांगितलं. पण ती दुखरी पाठ घेऊन ते निवृत्त होईपर्यंत फळ्या उचलत होते, हे आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. थेट जाणारा कार्यक्रम टेपवरही उतरवायचे, पण त्या काळी टेप महाग असायची, म्हणून तो पुसून त्यावर दुसरं काही भरायचे. तसे 'चौकी चार'चे कितीतरी भाग पुसले गेले, त्यात तो भागही गेला. बाबा गेले, आई गेली, आणि ती गोष्ट फक्त तुझ्यापाशी उरली. तू ती आधी मला, मग तुझ्या मुलाला, मग नातीला सांगत आलीस.

आता जरा अवघड भाग लिहितो. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. म्हणाला, मामा, आईचं काही खरं नाही, दोनदा गॅस तसाच चालू ठेवला, आणि डॉक्टरांनी लहानपणीची एखादी आठवण विचारली तर तिनं मुंग्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी ते नुसतं लिहून घेतलं म्हणे. त्याच्यावर रागावू नकोस ताई, पोरगा घाबरलाय. घाबरलेली माणसं दिसेल ती गोष्ट भीतीच्या एकाच खुंटीला टांगतात. त्यानंतर तू स्वतः फोन केलास आणि इतक्या हळू आवाजात बोललीस की मला आधी ओळखूच आली नाहीस. म्हणालीस, फुग्या, बाबांचा चेहरा मी बघितला होता की नाही, हे मला आता नक्की सांगता येत नाही. ते जर खोटं असेल, तर मग माझ्याजवळचं दुसरं काय काय खोटं असेल? मी काहीतरी थातुरमातुर बोललो. फोन ठेवल्यावर एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला, आणि तो गृहस्थ छान दिसतंय म्हणत पैसे देऊन गेलाही. अशी माझी अवस्था.

आणि मग टीव्ही केंद्राच्या संग्रह विभागातल्या एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे आपल्या नातीपेक्षा थोडी मोठी, पण जुन्या फिल्मचा वास घेऊन तिचं वय सांगते. एका प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्याच्या तळघरात तिला गंजलेला डबा मिळाला होता. दुसऱ्या केंद्राला कार्यक्रम पाठवायचा असला की त्या वेळी टीव्हीच्या पडद्यासमोरच कॅमेरा लावून फिल्म उतरवून घ्यायचे, तसली ती फिल्म. आणि भाग कुठला? तोच. सुतारखात्याच्या जुन्या लोकांना विचारत विचारत ती माझ्यापर्यंत पोचली होती. मी दुकानाला कुलूप लावलं आणि बायकोलाही न सांगता गेलो. तुला कळवलं नाही, कारण मला भीती वाटत होती. कशाची, ते तिथे गेल्यावर कळलं. छोटी अंधारी खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर चित्र. ठोकळ्या डुलत डुलत आला आणि ताई, ती चाल बघून मी खुर्चीत पुढेच सरकलो. बाबा बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येताना अगदी असेच चालायचे. मग शेवटचं दृश्य. ठोकळ्याचं डोकं पडदाभर. एका बाजूची झडप उघडते, आणि आत असतो तो पोट आत ओढणारा नट. पावडर लावलेला, भुवया कोरलेल्या. बाबा नाहीत. केसांवरून हातबित काही नाही. मुंगी तर औषधालासुद्धा नाही. आणि तिथेच फिल्म खाटकन थांबली. पुढे फिल्मच्या कडेची भोकं फाटलीत, थोडीच फिल्म उरली आहे, सांधून बघते, असं ती मुलगी म्हणाली. मी हो हो म्हणून बाहेर पडलो.

घरी येईपर्यंत मी तुझी बाजू सोडून दिली होती, हे लिहायला हवं. माझ्या धंद्यात रोज बघतो मी. बाकावर बसून नंबर येईपर्यंत लोक समोरचा तक्ता पाठ करतात आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणतात. त्यांना विचारा, ते शपथेवर सांगतील की दिसतंय. खोटं बोलत नसतात बिचारे. वाटलं, ताईचंही तसंच झालं असणार. बाबांचा चेहरा दिसावा अशी तिची इतकी इच्छा होती की तो दिसला. वर मला आणखी एक गोष्ट आठवली. ते झडपेचं डोकं बाबांनी घरीच केलं होतं, मागच्या गॅलरीत. त्याच्या बिजागरीत माझं बोट चेंगरलं होतं. ठोकळ्याचं नेहमीचं डोकं बाहेरून स्क्रूनी बसवायचे, आतल्या माणसाला ते स्वतःहून काढताच यायचं नाही. म्हणून या एका दृश्यासाठी उघडणारं वेगळं डोकं करून घेतलं, आणि चित्रात नुसतं डोकंच येणार असल्यानं ते त्या नटाच्या मापाचं केलं. म्हणजे चेहरा आपला दिसणार नाही हे बाबांना आधीपासून ठाऊक होतं. दुसऱ्याचा चेहरा जिथून दिसणार ती खिडकी त्यांनी स्वतः रंधा मारून गुळगुळीत केली. मला आधी त्यांची कीव आली, मग तुझी आली. मग कुणाची यावी तेच कळेना आणि मी बायकोवर विनाकारण खेकसलो.

दोन दिवसांनी त्या मुलीचा परत फोन. फिल्म सांधली आहे, या. मी म्हणालो, आता काय बघायचंय? ती म्हणाली, काका, तुम्ही याच. या वेळी खोलीत एक म्हातारे कॅमेरामन होते, त्या काळी दुसऱ्या कॅमेऱ्यावर असायचे ते. पुन्हा झडप उघडली, पुन्हा तो कोरीव भुवयांचा नट. मग दृश्य बदललं. रिकामी चौकी, भुसा, भोकांचे तारे, आणि नावं सरकायला लागली. खालून वर. बारीक, काळीभोर, थोडी थरथरणारी अक्षरं, पांढऱ्या चुन्यावर उठून दिसणारी. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात डाव्या बाजूनं ठोकळ्या आत आला. धड ठोकळ्याचं, आणि वर बाबा. घामानं निथळणारे, केस कपाळाला चिकटलेले, तिशीतले आपले बाबा. ते मधोमध येऊन उभे राहिले. पत्र्याचा हात उचलून त्यांनी केसांवरून फिरवला. मग सरळ समोर बघितलं. आणि ताई, ती नावं त्यांच्या चेहऱ्यावरून वर चढत होती. संगीत, वेशभूषा, प्रकाश, सगळ्यांची नावं, एकामागोमाग एक, रांगेनं, हनुवटीवरून ओठांवर, ओठांवरून नाकावर. टायपिस्टबाईंच्या त्या वीतभर धुरकट पडद्यावर जोडाक्षरांशी झगडणाऱ्या पोरीला ते दुसरं काय दिसणार होतं? मी खुर्चीत बसून मोठ्यानं 'मुंग्या!' असं ओरडलो. त्या मुलीला वाटलं फिल्मला मुंग्या लागल्या, ती धावत प्रोजेक्टरकडे गेली.

म्हातारे कॅमेरामन हसत हसत डोळे पुसत होते. म्हणाले, हाच तो घोटाळा! प्रक्षेपणाचा तांबडा दिवा विझेपर्यंत कुणी कॅमेऱ्याच्या चौकटीत पाऊल टाकायचं नाही, हा पहिला धडा, आणि तुझ्या वडिलांनी टाकलं. साहेब असे तापले की दुसऱ्या दिवशी लेखी समज, आणि ठोकळ्या दुसऱ्याच्या गळ्यात. मी विचारलं, ते चुकले कसे? इतकी वर्षं दिव्याखाली काम केलेला माणूस. तर ते म्हणाले, मलाही तेच कोडं आहे. माझा कॅमेरा मोकळा होता, तेव्हा त्यानं मला खुणेनं बोलावलं. डोक्याचे स्क्रू मीच काढले. तो आतून सारखा म्हणत होता, लवकर, लवकर. मला वाटलं गुदमरतोय. डोकं निघालं तसा तो मोकळ्या हवेत न जाता उलट दिव्यांकडे चालायला लागला. इतकं बोलून म्हातारबुवा माझ्याकडेच बघायला लागले, जणू उत्तर माझ्या खिशात होतं.

तेव्हापासून माझा गोंधळ थांबायला तयार नाही. आधी तू चुकलीस असं वाटलं, मग बाबा चुकले असं वाटलं, आता वाटतं कुणीच चुकलं नाही. गुदमरलेला माणूस केस सारखे करतो का? चुकून आलेला माणूस मधोमध येऊन उभा राहतो का? नाव लागत नाही, चेहरा दिसत नाही, आणि पोरगी शाळेत वेण्या ओढते. पण मग तू मांडीवर चढून विचारलंस तेव्हा नुसतं 'हं' का म्हणाले? एवढं करून बसले होते तर सांगायचं तरी! की आईला कळलं असतं तर तिनं नोकरीच्या काळजीनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून? मी तक्त्याखाली बसून एकदा असं म्हणतो, एकदा तसं. सकाळी एका आजोबांना मी 'खालची ओळ वाचा' म्हणायच्या ऐवजी 'बाबा असं का वागले' म्हणालो. ते म्हणाले, अक्षर फार बारीक आहे.

आता शेवटचं. हे सगळं मी तुला फोनवर का नाही सांगितलं असं तुला वाटत असेल. सांगितलं ताई. फिल्म बघून बाहेर आलो आणि फुटपाथवर उभं राहूनच तुला फोन केला. तू इतकी रडलीस, इतकी हसलीस, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. आणि मी काही विचारायच्या आत तूच म्हणालीस, अरे, बाबांनी त्या दिवशी सकाळी मला सांगितलंच होतं, नावं संपेपर्यंत उठू नकोस. काल पुन्हा तुझा फोन आला. तोच हळू आवाज. फुग्या, मला वाटतं ते मुंग्यांचं मी मनानंच रचलं रे. मी पुन्हा सगळं सांगितलं, तू पुन्हा तशीच रडलीस, तशीच हसलीस. मी बाबांच्या त्या सकाळच्या बोलण्याचं विचारलं, तर म्हणालीस, कुठलं बोलणं? म्हणून हे कागदावर. फोन विरून जातो, कागद राहतो. सोबत त्या मुलीनं फिल्ममधून काढून दिलेला फोटो आहे, तो आणि हे पत्र फ्रीजवर लावून ठेव, भाच्यालाही वाचायला दे, आणि डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर दाखव. काही गोष्टी तुझ्या हातून निसटतायत, ते खरं आहे, मी तुला खोटं सांगणार नाही. पण ही निसटलेली नाही, ही तू आम्हा सगळ्यांच्या वाटची सांभाळलीस, टेपा पुसल्या तरी. ज्या बाईच्या मुंग्या खऱ्या निघाल्या, तिचं ते सकाळचं बोलणंही मी खरं धरणार. हे लिहिता लिहिताच ठरलं, आता मला कोडं नाही. बाबा तुझ्यासाठीच आत आले होते, आणि तू उठली नव्हतीस. उद्या हे पत्र पहिल्यांदाच वाचतेयस असं वाटलं तरी लाजू नकोस, मला हे दर वेळी पहिल्यांदाच सांगायला आवडतं.

तुझाच, गाल अजून तसेच असलेला,
फुग्या